जुन्या ट्रकला पॉवर स्टिअरिंग बसवायचंय, रेशो कुठला घेऊ? १२.७, १४ की १६?

लांबचा_पल्ला

मंडळी, नमस्कार. माझ्याकडे १९६८ची शेव्हरोले सी-१० आहे, लाँगबेड, म्हणजे व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) १२७ इंच. इंजिन ३०७. स्टिअरिंग बॉक्स अजून साधाच, २४:१ वाला (व्हील २४ अंश फिरलं की बॉक्सचा बाहेरचा शाफ्ट एक अंश फिरतो; आकडा लहान तितका बॉक्स जलद), पॉवर नाही. चालत्या गाडीत काही त्रास नाही, पण पार्किंग करताना आणि रिव्हर्स घेताना खांदे भरून येतात, आणि बायकोलाही ही गाडी चालवायला मनापासून आवडते पण उभ्या गाडीत चाक वळवायचं म्हटलं की ती किल्ली माझ्या हातात देते. म्हणून आता पॉवर स्टिअरिंग करायचं ठरलंय.

सॅगिनॉ (जनरल मोटर्स, म्हणजे जीएमचा स्टिअरिंग विभाग) पद्धतीचाच बॉक्स घेणार हे नक्की. प्रश्न रेशोचा आहे. १२.७:१, १४:१, १६:१ असे तीन पर्याय समोर आहेत, शिवाय १६ ते १३ असा व्हेरिएबल (व्हील वळवत जाल तसा रेशो बदलणारा) पण मिळतो म्हणतात. वापर बहुतेक हायवेचा, मधूनमधून मागे छोटा ट्रेलर. रेस वगैरे काही नाही. कुणी दोन वेगळे रेशो प्रत्यक्ष चालवून बघितले असतील तर फरक सांगा, नुसतं 'जलद चांगला' किंवा 'हळू चांगला' नको, का ते पण सांगा.

टॉर्कराव

आधी तीन गोष्टी सांगा. टायर किती रुंद, स्टिअरिंग व्हील किती इंची, आणि कॅस्टर (पुढचं चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे-पुढे कल) किती ठेवलाय. याशिवाय रेशोवर बोलणं म्हणजे नुसता टाइमपास.

लांबचा_पल्ला

टायर २३५ रुंदीचे, १५ इंची रिमवर. व्हील जुनंच मोठं, १७ इंचाच्या आसपास. कॅस्टर शेवटच्या अलाइनमेंटच्या कागदावर अर्धा अंश पॉझिटिव्ह आहे दोन्ही बाजूंना.

ग्रीसगन

१२.७ घ्या आणि विषय संपवा. हाच रेशो आयरॉक-झी कॅमॅरोत आणि मॉन्टे कार्लो एसएसमध्ये होता आणि त्या गाड्या चालवणाऱ्याला विचारा काय मजा येते. जुन्या ट्रकमध्ये वळणावर हात एकमेकांवरून टाकत टाकत जायचं हा काय प्रकार आहे, एकदा १२.७ ची सवय झाली की परत मागे जाववत नाही. माझ्या शॉर्टबेडला तोच आहे आणि रोज चालवतो.

संथवाहिनी

ग्रीसगन, तुमच्या शॉर्टबेडचं ठीक आहे पण ट्रेलर ओढणाऱ्याला १२.७ सुचवू नका हो. मी असा एक ट्रक चालवलाय, भावाचा, १२.७ बॉक्स आणि कॅस्टर जुनाच शून्याच्या जवळ. हायवेला शिंक आली तरी लेन बदलायची. तासभर चालवला तर मान आखडायची कारण सतत बारीक बारीक दुरुस्ती करत बसावं लागतं. माझं मत १६:१, डोळे झाकून. ट्रक आहे तो, त्याला ट्रकसारखं चालू द्या.

नटबोल्ट

शिंकेवर जाणारी गाडी म्हणजे हवामान बदललं की गाडी घरीच ठेवायची :)

ग्रीसगन

संथवाहिनीताई, तुम्हीच सांगताय की कॅस्टर शून्य होता. मग दोष रेशोचा कसा? तो कॅस्टर ठेवून १६ लावला असता तरी गाडी भरकटलीच असती, फक्त जरा सावकाश.

आकडेमोड

इथे थोडं गणित करू, कारण दोघंही अर्धे बरोबर आहात.

बॉक्सचा रेशो म्हणजे स्टिअरिंग शाफ्ट किती फिरला की पिटमन शाफ्ट (बॉक्समधून बाहेर येणारा, चाकांकडची लिंकेज हलवणारा) एक अंश फिरतो, बस एवढंच. त्या शाफ्टवरचा पिटमन आर्म या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ८० अंश फिरतो असं धरलं तर २४:१ ला लॉक टू लॉक सव्वापाच फेरे, १६:१ ला साडेतीन, १४:१ ला तीनाच्या जरा वर, आणि १२.७ ला पावणेतीनच्या जरा वर. म्हणजे १४ आणि १६ मध्ये पूर्ण वळणात अर्ध्या फेऱ्याचाही फरक नाही, आणि आपण इथे कपडे फाडून भांडतोय. पण सरळ रस्त्यावर आपण वापरतो ते मधले पाच-दहा अंशच, तिथे हा फरक हाताला नक्की कळतो.

आता महत्त्वाची गोष्ट जी कुणी बोललं नाही. गाडी किती वळेल हे चाकाच्या कोनावर तर आहेच पण व्हीलबेसवरही आहे. तोच चाकाचा कोन, पण व्हीलबेस लांब, तर गाडी कमी वळते. त्या पिढीच्या कॅमॅरोचा व्हीलबेस १०१ इंच, धागालेखकांचा ट्रक १२७. बाकीची लिंकेज (बॉक्स आणि चाकांमधल्या दांड्या) सारखी धरली तर १२.७ गुणिले १२७ भागिले १०१, उत्तर जवळपास १६. म्हणजे कॅमॅरोत जो १२.७ चपळ वाटतो तोच या लाँगबेडमध्ये त्या कॅमॅरोला १६ लावल्यासारखा वाटेल. त्यामुळे 'कॅमॅरोत छान आहे म्हणून घ्या' हे पण चूक आणि '१२.७ म्हणजे भयंकर' हे पण चूक.

दुसरं, व्हीलचा व्यास. १७ इंची व्हील काढून १५ इंची लावलं की त्याच वळणाला हात कमी अंतर हलतो. १६:१ बॉक्स आणि १५ इंची व्हील हे हाताच्या हालचालीत १४:१ आणि १७ इंची व्हीलच्या बरोबरीचं होतं. पॉवर आल्यावर बरेच जण छोटं व्हील लावतात, तेव्हा हे आधी ठरवा आणि मग रेशो.

संथवाहिनी

व्हीलबेसचा मुद्दा पटला, हे डोक्यात नव्हतं आलं. पण ट्रेलरचं काय? मागे वजन लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि मग कुठलाही जलद बॉक्स अजून जलद वाटतो. १६ वर मी ठाम आहे.

चाकोरी

एक शंका. जलद रेशो घेतला तर गाडी कमी जागेत वळेल ना? यू-टर्नला फायदा?

आकडेमोड

@चाकोरी नाही. टर्निंग सर्कल ठरतं ते चाकं शेवटी किती वळतात त्यावर, आणि ते ठरवतात लोअर आर्मवरचे स्टॉप किंवा बॉक्सच्या आतले स्टॉप. रेशोने फक्त तिथपर्यंत पोचायला फेरे कमी लागतात. उलट एक धोका आहे, काही कारमधल्या बॉक्सना आतूनच फिरण्याची मर्यादा कमी ठेवलेली असते. असा बॉक्स ट्रकला लावला तर चाकं स्टॉपला टेकायच्या आधीच बॉक्स संपतो आणि टर्निंग सर्कल वाढतं. गॅरेजवाले मग लिंकेजला दोष देत बसतात.

टॉर्कराव

आता माझं मूळ म्हणणं, कारण या धाग्यात रेशो आणि जोर यांची सरमिसळ चाललीय. हलकं की जड हे पॉवर बॉक्समध्ये रेशो फारसं ठरवतच नाही. ते ठरवतो व्हॉल्व्हमधला टॉर्शन बार. बॉक्सच्या इनपुटला एक बारीक पोलादी दांडी असते, तुम्ही व्हील फिरवलं की ती जराशी पिळते, त्या पिळण्याने रोटरी व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं तेल पिस्टनच्या एका बाजूला जातं. दांडी बारीक असेल तर एका बोटाच्या जोराने व्हॉल्व्ह उघडतो, रस्त्याची जाणीव शून्य. जाड असेल तर हाताला आधी थोडं वजन लागतं आणि मग मदत येते. साधारण ०.१८ ते ०.२१ इंचाच्या पट्ट्यात या दांड्या असतात, म्हणजे केसाएवढा फरक, पण पिळाचा कडकपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो म्हणून ०.१८ वरून ०.२१ वर गेलात तर कडकपणा पावणेदोन पटीच्या वर जातो.

आयरॉकचा बॉक्स छान वाटायचा त्याचं श्रेय लोक १२.७ ला देतात पण त्यात जाड टॉर्शन बारचा वाटा मोठा होता. आणि मोठ्या आरामदायी सेडानमधून काढलेला बॉक्स ट्रकला लावला की 'पॉवर स्टिअरिंग म्हणजे तरंगल्यासारखं वाटतं' ही तक्रार येते, तिथेही कारण बारीक बार. संथवाहिनीताईंच्या भावाच्या ट्रकमध्ये बहुतेक तिन्ही गोष्टी एकत्र आल्या असणार, जलद रेशो, मऊ व्हॉल्व्ह आणि शून्य कॅस्टर. त्यातल्या दोन सुधारल्या तर तिसरी सुसह्य होते.

म्हणून विक्रेत्याला रेशो विचारता तसं 'एफर्ट कुठला आहे, फर्म आहे का' हेही विचारा. रिबिल्ड करणारे चांगले लोक बार बदलून देतात.

नटबोल्ट

चौथा घात! कॉलेज सुटल्यावर पहिल्यांदा कामाला आला हा.

पेट्रोलपंढरी

अवांतर: पॉवर स्टिअरिंगचा जन्मच मुळी ट्रकसाठी झालाय हे किती जणांना माहितीये? फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागाचा इंजिनिअर. त्या काळच्या जड ट्रकचं स्टिअरिंग फिरवणं म्हणजे कुस्ती असायची, ते बघून त्याने १९२०च्या दशकात हायड्रॉलिक मदतीची रचना केली आणि १९२६ साली पिअर्स-ॲरो गाडीवर चालवून दाखवली. मोटार कंपन्यांनी तेव्हा खर्च बघून हात आखडता घेतला. दुसऱ्या महायुद्धात चिलखती गाड्यांना ती लागली, आणि सामान्य गिऱ्हाइकाच्या कारमध्ये यायला थेट १९५१ उजाडलं, क्रायस्लर इम्पीरियलमध्ये 'हायड्रागाइड' नावाने. म्हणजे धागालेखक ट्रकला पॉवर बसवताहेत ते मूळ हेतूला धरूनच आहे.

चाकोरी

वा, हे नव्हतं माहीत. पंढरी, तुमच्या अवांतरासाठी वेगळा धागा काढा, वाचायला आवडेल.

जुनी_फोर्ड

मी शेव्हीवाली नाही तरी बोलते. माझी १९५६ची एफ-१०० आहे, पुढे सॉलिड ॲक्सल. आमच्याकडे बरेच जण टोयोटाच्या फोर बाय फोर पिकपचा बॉक्स लावतात, फ्रेमवर बसायला सोयीचा आहे. रेशोपेक्षा आमचा मोठा प्रश्न दिशा. बॉक्स कुठल्या गाडीतून आला, तिथे पिटमन आर्म पुढे होता की मागे, आडवा फिरत होता की पुढेमागे, हे न बघता लावला तर व्हील उजवीकडे आणि गाडी डावीकडे. हसू नका, माझ्या ओळखीत एका गॅरेजात असा ट्रक शेडबाहेर काढला गेलाय आणि सरळ परत आत गेलाय.

आणि सॉलिड ॲक्सलवाल्यांनी १२.७ च्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत. खड्ड्यात स्प्रिंग दबला की ड्रॅग लिंक (बॉक्सकडून चाकाकडे जाणारी दांडी) चाकांना थोडं वळवतेच, किंगपिनला (चाक जिच्यावर वळतं ती खीळ) थोडा प्ले असतोच, आणि जलद बॉक्स असला की हे सगळं सावरायला हाताला फार नेमकं राहावं लागतं. मी १६ च्या आसपासचाच घेतला आणि खूश आहे.

रॅकपटू

या सगळ्याला फाटा देऊन रॅक अँड पिनियन का नाही लावत? मस्टँग २ चं फ्रंट सस्पेन्शन, हलकं, नेमकं.

टॉर्कराव

रॅकपटू, चालत्या आणि भक्कम सी-१० चं पुढचं सगळं सस्पेन्शन कापायचं, फक्त रेशोचा निर्णय टाळायला? त्यांचं कॉइल स्प्रिंगवालं इंडिपेंडंट आहे, आणि ते वजन उचलायला बनवलंय. शिवाय त्या रॅकला जीएमचा पंप सरळ जोडला तर प्रेशर जास्त होतं आणि स्टिअरिंग इतकं हलकं होतं की भीती वाटते. पंपाचं प्रेशर कमी करावं लागतं.

रॅकपटू

पंपाचं मान्य, मी शिम (पातळ चकत्या) टाकूनच प्रेशर उतरवलं होतं. पण नेमकेपणात रॅकला तोड नाही यावर मी ठाम. बरं, तुमचं चालू द्या.

ग्रीसगन

पंपाचा विषय निघालाच आहे तर, जलद रेशोवाल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. बॉक्स जितका जलद तितकं व्हीलच्या एका फेऱ्यामागे पिस्टनला जास्त तेल लागतं. आयडलवर जोरात व्हील फिरवलं आणि पंपाचा फ्लो कमी पडला की मधेच स्टिअरिंग एकदम जड होतं, हाताला झटका बसतो. लोक म्हणतात बॉक्स खराब. बॉक्स ठीक असतो, पंप दमलेला असतो किंवा बेल्ट घसरत असतो. जुना पंप भंगारातून आणून नव्या १२.७ ला जोडू नका, एवढं माझ्या बाजूनेही सांगतो.

डोंगरवाट

फोर बाय फोर वाल्यांसाठी एक वाक्य. १९७३ ते ८७च्या जीएम फोर बाय फोर ट्रकमध्ये बॉक्स जिथे फ्रेमला बोल्ट होतो तिथे फ्रेमला तडे जातात, मोठे टायर असतील तर हमखास. रेशो निवडायच्या आधी वायर ब्रशने घासून ती जागा बघा, तडा असेल तर वेल्ड करून ब्रेस टाका. धागालेखकांची टू व्हील ड्राइव्ह आहे आणि आधीची पिढी आहे तरी बघायला दोन मिनिटं लागतात.

विजेचा_दिवा

कॉलमवर बसणारी इलेक्ट्रिक मोटर लावा की. ना पंप, ना तेल, ना गळती.

टॉर्कराव

वाईट पर्याय नाही, पण त्यात बॉक्स जुनाच राहतो, म्हणजे २४:१ तसाच. हलकं होईल पण सव्वापाच फेरे मारत बसायचंच. त्यांना दोन्ही हवंय.

लांबचा_पल्ला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काही उत्तरं आणि काही नवे प्रश्न.

व्हील मी बदलणार नाही, ते मूळचं आहे आणि बायकोचं त्यावर प्रेम आहे. म्हणजे आकडेमोड यांच्या हिशेबाने मला छोट्या व्हीलचा फायदा नाही. व्हीलबेसचा मुद्दा बघता १६ माझ्या गाडीत जरा सुस्तच वाटेल असं दिसतंय. ग्रीसगन यांचा १२.७ चा मोह आहे पण ट्रेलर आहे, त्यामुळे मन १४:१ फर्म व्हॉल्व्हकडे झुकतंय. व्हेरिएबलबद्दल कुणी बोललंच नाही. आणि एका मित्राकडे एक पॉवर बॉक्स पडून आहे, त्यावर काहीच लिहिलेलं नाही, त्याचा रेशो घरी कसा ओळखायचा?

आकडेमोड

सोपं आहे. बॉक्स शिकंज्यात पकडा, इनपुट शाफ्ट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मधोमध आणा. पिटमन शाफ्टला एक लांब पट्टी बांधा, मागे पुठ्ठ्यावर कोनमापक काढा. आता इनपुट बरोबर एक फेरा फिरवा आणि पट्टी किती अंश सरकली बघा. ३६० ला त्या अंशांनी भागा. साडेबावीस अंश आले तर १६, पावणेसव्वीसच्या आसपास तर १४, सव्वाअठ्ठावीसच्या वर तर १२.७, वीस-साडेवीस आले तर जुना १७.५ वाला. मधून डावीकडे एकदा आणि उजवीकडे एकदा मोजा. मग मधल्या अर्ध्या फेऱ्यात वेगळा आणि शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात वेगळा रेशो आला तर तो व्हेरिएबल. आधीचं तेल काढून टाका नाहीतर पोर्टमधून अंगावर उडेल.

नुसते लॉक टू लॉक फेरे मोजून रेशो सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, आतले स्टॉप वेगवेगळे असतात.

संथवाहिनी

व्हेरिएबल माझ्या वडिलांच्या ट्रकला होता. मध्यावर १६ सारखा शांत, आणि पार्किंगला टोकाकडे जाताना जलद. हायवे प्लस पार्किंग हाच तुमचा वापर आहे आणि त्यासाठीच तो बनलाय. एक सवय लागते, वळणातून बाहेर येताना व्हील सोडण्याचा वेग बदलल्यासारखा वाटतो. काहींना ते आवडत नाही, मला आठवडाभरात कळेनासं झालं. १६ नको असेल तर व्हेरिएबल घ्या पण सरळ १४ घेण्याआधी हा चालवून बघा.

ग्रीसगन

मला व्हेरिएबल नाही आवडत. गाडी आत्ता किती वळणार हे हाताला पाठ झालेलं असतं, ते दर कोनाला बदलायला नको. सरळ १४ घ्या. १२.७ नाही घेतला याचं दुःख आहे पण १४ चालेल :)

टॉर्कराव

१४ फर्म, माझाही कौल. पण तो अर्धा अंश कॅस्टर आधी बदला, नाहीतर इथेच येऊन 'गाडी भटकते' असा धागा काढाल. मॅन्युअल स्टिअरिंगच्या काळात कॅस्टर मुद्दाम कमी ठेवायचे कारण कॅस्टर वाढला की व्हील जड होतं. पॉवर आली की ते कारण संपलं. ३ ते ५ अंश पॉझिटिव्ह ठेवा, व्हील आपोआप मध्यावर येतं, सरळ रस्त्यावर गाडी रुळावर असल्यासारखी जाते. तुमच्या गाडीत वरच्या आर्मच्या शाफ्टखाली शिम असतात, त्याने काही अंश मिळतात. पूर्ण नाही मिळाला तर ऑफसेट शाफ्ट किंवा जास्त कॅस्टरसाठी बनवलेले वरचे आर्म मिळतात.

जुनी_फोर्ड

+१. सॉलिड ॲक्सलला हेच काम स्प्रिंग आणि ॲक्सलच्या मधे पाचरीसारखी शिम टाकून होतं. माझ्या गाडीत रेशो बदलण्याइतकाच फरक त्या पाचरीने पडला.

चाकोरी

म्हणजे रेशोच्या धाग्याचं उत्तर कॅस्टर?

टॉर्कराव

निम्मं. उरलेलं निम्मं १४.

लांबचा_पल्ला

मित्राचा बॉक्स मोजला. पट्टी पंचवीस-सव्वीसच्या मधे आली, दोन्ही बाजूंना आणि टोकापर्यंत सारखीच, म्हणजे सरळ १४:१! नशीबच. रिबिल्डवाल्याशी बोललो, जाड बार टाकून देतो म्हणाला. संथवाहिनीताई, व्हेरिएबल चालवायला कुणाचा मिळाला तर नक्की चालवेन, पण हाताशी आलेला १४ सोडवत नाही. जोडताना काय काय अडेल तेवढं सांगा.

आकडेमोड

इनपुटचे दाते मोजा. ३/४ इंच ३० दाती आणि १३/१६ इंच ३६ दाती हे दोन प्रकार सर्रास दिसतात, कपलिंग त्याप्रमाणे. रबरी कपलिंग जुनं असेल तर नवंच टाका, त्यातला प्ले रेशो कितीही चांगला असला तरी सगळं घालवतो. तुमच्या मॅन्युअलचा पिटमन आर्म पॉवरच्या शाफ्टवर बहुतेक बसणार नाही, पॉवरवाल्या सी-१० चा घ्या. लांबी मूळच्या पॉवर आर्मएवढीच ठेवा, लांब आर्म म्हणजे गुपचूप अजून जलद रेशो, आणि आयडलर आर्मशी (लिंकेजचं दुसरं टोक धरणारा आर्म) मेळ तुटला की खड्ड्यात टो (पुढच्या चाकांची आत-बाहेर दिशा) बदलतो.

डोंगरवाट

पाइपचे जोड पण बघा. जुन्या बॉक्सना फ्लेअर असतात, नंतरच्यांना ओ-रिंग. एकाचं तोंड दुसऱ्यात आटे चालतात म्हणून आवळू नका.

ग्रीसगन

आणि हवा काढताना घाई नको. पुढची चाकं उचला, इंजिन बंद ठेवूनच व्हील सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवत राहा, टाकीतले बुडबुडे थांबेपर्यंत, तेल भरत राहा. मगच इंजिन चालू करा. तेल फेसाळ दुधी दिसलं तर बंद करून तसंच थोडा वेळ राहू द्या. आणि बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू प्ले काढायला म्हणून आवळत बसू नका, रिबिल्डवाल्याने लावलाय तसाच ठेवा, जास्त आवळला तर मध्यावर अडकतो आणि कितीही कॅस्टर दिला तरी व्हील परत येत नाही.

लांबचा_पल्ला

नोंद केली. आधी कॅस्टर, मग बॉक्स, त्याच क्रमाने करतो. ट्रेलर लावून चालवलं की इथेच लिहीन, संथवाहिनीताईंना उत्तर द्यायचंय.

संथवाहिनी

वाट बघते. रिकामी नाही, भरलेला ट्रेलर लावून सांगा.